बोंबलाने अडवलेला कंटेनर

माझ्या सासूबाई गावात सगळ्यांना सांगायच्या, "आमची सून कंटेनर यार्डात सरवर हाय." मी सर्व्हर सांभाळते, मी स्वतः सर्व्हर नाही, हे मी त्यांना पुष्कळदा समजावलं. त्यावर त्या म्हणायच्या, "जो सांभाळतो तोच असतो ना गो?" आमच्या यार्डाचे मॅनेजर परकारभाई यांना मी ही गंमत सांगितली, तर ते न हसता म्हणाले, "निर्मलाताई, उर्दूत सरवर म्हणजे सरदार. सासूबाईंचं काही चुकलेलं नाही." तेव्हापासून मी दुरुस्त करणं सोडून दिलं. गावात मी सरवर म्हणूनच निवृत्त झाले.

आमचं यार्ड न्हावा शेव्याच्या बंदराबाहेर. परदेशी जाणारा माल आमच्याकडे यायचा, त्याची तपासणी व्हायची, कागदपत्रं व्हायची आणि मग कंटेनर बंदरात जहाजावर चढायला निघायचा. हे सगळं चालायचं कॉम्प्युटरवर, आणि यार्डातले सगळे कॉम्प्युटर ज्या एका मोठ्या कॉम्प्युटरला विचारून वागायचे तो सर्व्हर. कोण आत येऊ शकतो, आल्यावर त्याला काय दिसेल, काय दिसणार नाही, पासवर्ड केवढा असावा, किती वेळा चुकला की दार बंद करावं, असे शेकडो नियम त्याच्या पोटात असतात. त्या नियमांना आमच्या धंद्यात सिक्युरिटी पॉलिसी म्हणतात. ऑफिसात मी कधी "पॉलिसी बदलली आहे" असं म्हटलं की निदान एक तरी माणूस विचारायचा, "हप्ता वाढला का?"

हे नियम एकदा नीट बसवले की सुखाने राहावेत, पण तसं होत नाही. मधूनमधून सर्व्हरला अपडेट द्यावं लागतं. अपडेट म्हणजे काय, हे ज्याच्या घरी टापटिपीची आत्या चार दिवस राहून गेली आहे त्याला सांगायची गरज नाही. आत्या प्रेमाने येते, सगळं स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख करते आणि जाते. मग आपण पुढचा महिनाभर हिंगाची डबी शोधत असतो. अपडेटही असंच. सर्व्हर अधिक सुरक्षित होतो, फक्त काल जे जिथे होतं ते आज तिथे नसतं.

एका अपडेटनंतर असा नियम आपोआप लागू झाला की कॉम्प्युटरला थोडा वेळ हात लावला नाही, तर पडदा बंद होऊन पुन्हा पासवर्ड मागायचा. नियम चांगलाच आहे. पण आमच्या हिशेब विभागातल्या मंडळींना दर चहानंतर पासवर्ड टाकणं जिवावर आलं. चार दिवसांनी मी तिथे गेले, तर टेबलफॅन डावीकडून उजवीकडे मान फिरवतोय, त्याच्या जाळीला दोरीने माऊस बांधलेला आणि माऊस टेबलभर फरफटतोय. फॅन फिरतोय तोवर कॉम्प्युटरला वाटतंय, माणूस कामात आहे. मी रागावायला तोंड उघडलं आणि हसूच आलं. सर्व्हरच्या नोंदींप्रमाणे त्या आठवड्यात सगळ्यात उद्योगी कर्मचारी तो फॅन होता.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. ती सांगण्याआधी नावांचं सांगायला हवं.

प्रत्येक कॉम्प्युटरला एक नाव द्यावं लागतं. ते फक्त माझ्यासारख्यांना दिसतं. कुणी ग्रहांची नावं देतात, कुणी नद्यांची. मी उरणजवळची आगरी. मला मासे सुचले. सर्व्हर अर्थातच देवमासा. गेटवरचा कॉम्प्युटर निवटी, कारण निवटी जशी अर्धी चिखलात अर्धी बाहेर असते, तसाच तोही अर्धा केबिनमध्ये आणि अर्धा उन्हात. कागद आडवा ओढणारा प्रिंटर खेकडा. आणि एक पातळसा लॅपटॉप होता, त्याच्या बिजागऱ्या इतक्या सैल झालेल्या की पडदा उभा राहायचाच नाही, मागे तरी कोसळायचा नाहीतर पुढे मान टाकायचा. त्याचं नाव बोंबील. दुसरं काही शोभलंच नसतं.

आमचे मालक हसमुखभाई. माणूस देवभोळा, दिलदार आणि कट्टर शाकाहारी. अंडं म्हटलं तरी दोन पावलं मागे सरकायचे. पण धंदा बंदराचा, तेव्हा यार्डातून मासळीचे कंटेनर रोज जायचे. हसमुखभाईंनी यावर तोडगा काढलेला. ते मासळी हा शब्दच उच्चारत नसत. "थंडा माल" म्हणत. एकदा कुणाच्या तरी चुकीने थंड्या मालाचा कंटेनर विजेच्या प्लगाशिवाय दिवसभर उन्हात राहिला. पुढचे कितीतरी दिवस यार्डाला जो वास येत होता, त्यानंतर त्यांनी नियम केला: थंडा माल गेटबाहेर सोडायची मंजुरी फक्त ते स्वतः देणार, स्वतःच्या कॉम्प्युटरवरून, स्वतःच्या पासवर्डने. दुसऱ्या कुणालाही तो अधिकार नाही.

तर, एका रविवारी दुपारी मी देवमाशाला मोठं अपडेट दिलं. काहीही अडचण आली नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सोमवारी सकाळी सगळ्यांना नवा पासवर्ड करावा लागला, कारण नव्या पॉलिसीला जुने पासवर्ड फार लेचेपेचे वाटत होते. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, खूण हवी, आणि स्वतःचं नाव नको. ऑफिसभर परीक्षेचं वातावरण. हसमुखभाई त्यांचा नवा पासवर्ड मला कानात सांगायला आले. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. "शेठ, मला सांगायचा नसतो!"

"पण बरोबर आहे के नाय ते तर सांगा ने!"

पासवर्ड त्यांनी एकट्याने टाकला. चालला. खूश होऊन चहा प्यायले. चहा संपवून परत बसले, तर पडद्यावर अक्षरं: आपलं खातं बंद करण्यात आलं आहे.

मी सर्व्हरवरून खातं उघडून दिलं. मिनिटभरात पुन्हा बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. याचा अर्थ मला लगेच कळला. जुनी पॉलिसी भोळी होती. कुणी कितीही वेळा चुकीचा पासवर्ड टाकला तरी ती चुकीचा आहे एवढंच सांगून पुन्हा वाट बघायची. नवी पॉलिसी कडक. ठरावीक चुका झाल्या की खातं बंद. म्हणजे कुणीतरी कुठूनतरी हसमुखभाईंच्या नावाने सारखं दार ठोठावत होतं, आणि चुकीची किल्ली लावत होतं.

नेमकी त्याच वेळी हिराबाई आली.

हिराबाई कोळीण, बोर्ली पंचतनच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची. वय साठीचं, आवाज होडीवरून किनाऱ्यावर पोचणारा. तिने गावातल्या बायकांचा गट करून माकूळ, म्हणजे स्क्विड, गोळा केला होता, साफ करून, गोठवून कंटेनरात भरला होता. इतकी वर्षं त्यांचा माल एका व्यापाऱ्याच्या नावावर बाहेर जायचा. या खेपेला पहिल्यांदा कागदांवर त्यांच्या गटाचं नाव होतं. परदेशातल्या खरेदीदाराने एकच कंटेनर मागवला होता, बघू म्हणून. तो या जहाजाने गेला नाही, तर तो माणूस परत त्या व्यापाऱ्याकडे वळणार होता. जहाजासाठी बंदराचं गेट त्या दुपारीच बंद होणार होतं. आणि कंटेनर आमच्या यार्डात उभा, हसमुखभाईंच्या मंजुरीची वाट बघत.

हिराबाई पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि उदबत्ती घेऊन आली होती. कंटेनर निघताना तिला नारळ फोडायचा होता. "कदी सोडतंव गो बाय?" तिने मला विचारलं.

"हे बघा, पाच मिनिटांत," मी म्हटलं. आमच्या धंद्यात पाच मिनिटं हा शब्द प्रार्थनेसारखा वापरतात.

आधी आम्ही शर्यत लावून पाहिली. खातं उघडल्यापासून बंद होईपर्यंत मिनिटभर मिळत होतं. मी खाली सर्व्हरच्या खोलीत, हसमुखभाई वर केबिनमध्ये, जिन्यात मधोमध परकारभाई. मी खातं उघडून ओरडायची, "उघडलं!" परकारभाई वर ओरडायचे, "शेठ, उघडलं!" आणि हसमुखभाई एका बोटाने पासवर्ड टाकायला घ्यायचे. ते प्रत्येक अक्षर आधी शोधायचे, मग त्याच्याकडे प्रेमाने बघायचे, मग दाबायचे.

"झालं का?"

"शेठ, झालं का?"

"अरे, ती वाकडी खूण कुठे गेली?"

तोवर खातं बंद. तिसऱ्या खेपेला हसमुखभाई जिंकत आले होते, पण मंजुरीच्या पानावर जाऊन त्यांनी सवयीप्रमाणे सगळं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.

"मना कायतरी करू द्या," हिराबाई म्हणाली. करण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बसून परकारभाईंबरोबर ओरडायला लागली. तिचा आवाज इतका होता की परकारभाईंची गरज उरली नाही.

तुम्ही विचाराल, तो कडक नियम तेवढ्यापुरता सैल का नाही केला? मलाही परकारभाईंनी तेच विचारलं. पण दार कोण ठोठावतंय हे कळेपर्यंत कुलूप काढणं हा मूर्खपणा झाला असता. बाहेर चोर असेल तर? मग दुसऱ्या कुणाला मंजुरीचा अधिकार देता आला असता. तो द्यायला कुणाची मंजुरी लागते? हसमुखभाईंची. नियम त्यांनीच करून घेतला होता आणि मीच तो चोख बसवला होता.

मग मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. चुकीचा पासवर्ड कुठून येतोय, त्या कॉम्प्युटरचं नाव तिथे दिसतं. पान उघडलं आणि बघतच राहिले. ओळीमागून ओळ एकच नाव होतं. बोंबील, बोंबील, बोंबील.

बोंबील तर केव्हाच कामातून गेला होता. मीच त्याला रामराम केला होता. हसमुखभाई म्हणाले होते, "त्याचं मी बघून घेतो," आणि मी समजले होते की भंगारात गेला. म्हणजे भंगारातून तो कुणाच्या तरी हाती लागला होता आणि तो माणूस आमच्या मालकाच्या नावाने आत घुसू बघत होता. मी जिन्यात आले आणि म्हटलं, "परकारभाई, बोंबील सापडायला हवा. ताबडतोब."

परकारभाईंनी पुढचं काही ऐकून घेतलं नाही. ते कामाला भारी तत्पर माणूस. सरळ गेटकडे गेले आणि ट्रकवाल्यांना बोलवायचा भोंगा हातात घेतला. सगळ्या यार्डात आवाज घुमला, "सर्वांना सूचना! ऑफिसला बोंबील तातडीने हवा आहे! ज्याच्याकडे असेल त्याने विनाविलंब घेऊन यावा!"

मी कपाळावर हात मारला.

पहिला आला माणगावचा एक ड्रायव्हर. त्याने घरून आणलेली सुक्या बोंबलाची पुडी आदराने टेबलावर ठेवली. "ताई, आणखी पाहिजे तर भावाच्या गाडीत हायेत." मग कॅन्टीनवाल्याने बोंबलाची चटणी पाठवली, वर भाकरी. क्रेनवाला खाली उतरून आला आणि त्याने डबाच उघडून दाखवला, त्यात ओले बोंबील, कुरकुरीत तळलेले. "कस्टमवाले आलेत काय?" त्याने हळूच विचारलं. त्याला वाटलं, कुणा बड्या साहेबाला बोंबील खायची लहर आली आहे. बघता बघता माझ्या टेबलावर बोंबलाची जत्रा भरली.

हिराबाई एकेक उचलून बघत होती. "बोंबील हरवलाय म्हंजे? वला का सुका?"

"लॅपटॉप, हिराबाई. लॅपटॉपचं नाव आहे ते."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की शिकलेल्या बाईला हे शोभत नाही. मग ड्रायव्हरची पुडी हुंगून म्हणाली, "यो जुना हाय. खाऊ नको रं बाबा."

वास वर पोचला. हसमुखभाई नाकाला रुमाल लावून जिन्यापर्यंत आले. "निर्मलाबेन! थंडा माल ऑफिसमध्ये?"

"शेठ, हा गरम आहे," क्रेनवाला म्हणाला. परकारभाईंनी त्याला डब्यासकट बाहेर काढलं.

मी परत नोंदींकडे वळले. बोंबील आहे कुठे, हे त्यांत लिहिलेलं नव्हतं, पण तो कुठल्या वायफायवरून बोलतोय ते शोधता येत होतं. आमच्या इमारतीत वायफायची दोन यंत्रं होती, एक खाली, एक वर. मी शोधलं. बोंबील बाहेर नव्हताच. तो वरच्या मजल्यावर होता. वरच्या मजल्यावर होती फक्त हसमुखभाईंची केबिन.

आम्ही सगळे वर गेलो. परकारभाईंनी हातात गेटवरची काठी घेतली होती, कारण चोर म्हटलं की काठी. हसमुखभाई स्वतःच्याच केबिनमध्ये बिचकत शिरले. आम्ही कपाटं उघडली, टेबलाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. परकारभाईंनी सोफ्याखाली काठी फिरवली, तिथून फक्त एक चप्पल निघाली. कुणीच नाही, काहीच नाही. सगळे गप्प उभे राहिलो.

त्या शांततेत परकारभाई म्हणाले, "शेठ, आज भजन नाही लागलं?"

हसमुखभाईंच्या केबिनच्या कोपऱ्यात नक्षीदार लाकडी देव्हारा होता. तिथून दिवसभर बारीक आवाजात भजनं चालू असत. ती इतकी नेहमीची होती की कुणाच्या कानात शिरत नसत. आज ती नव्हती, आणि सकाळपासून आम्हा सगळ्यांनाच काहीतरी चुकल्यासारखं होत होतं ते त्यामुळे.

"सवारपासून बंद आहे," हसमुखभाई म्हणाले. "मला वाटलं, स्पीकर बिघडला."

"शेठ, ही भजनं लागतात कशावर?"

"मशीन आहे ने आत. भत्रीजा आला होता बडोद्याहून, त्याने बसवून दिलं. मी तर फक्त नमस्कार करतो."

देव्हाऱ्याखाली एक कप्पा होता. मी दार उघडलं. आत लाल रेशमी कापड, त्यावर वाळलेली फुलं, आणि कापडाखाली एक पातळसा लॅपटॉप. मी त्याला बाहेर काढून पडदा वर केला. पडदा क्षणभर थरथरला आणि मागे कोसळला. जुना शेजारी चालीवरून ओळखावा तसा मी तो ओळखला.

सगळा उलगडा झाला. भजनं सर्व्हरवर ठेवलेली होती. एक भजन संपलं की बोंबील पुढचं मागायचा, आणि त्यासाठी पुतण्याने त्यात घालून ठेवलेला शेठजींचा जुना पासवर्ड दाखवायचा. सकाळी शेठजींनी पासवर्ड बदलला, हे बोंबलाला कुणी सांगितलं नव्हतं. तो बिचारा इमानाने जुनाच पासवर्ड दाखवत होता. नाही म्हटलं की पुढचं भजन, तेही नाही म्हटलं की त्याच्या पुढचं. अख्खी भजनमाला ओळीने दारावर डोकं आपटत होती. चोर कुणी नव्हताच.

मला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"पण निर्मलाबेन," हसमुखभाई सावकाश म्हणाले, "तुम्ही खाली बोंबील बोंबील करत होता, तो... हा?"

मी सगळं सांगितलं. माशांची नावं, बिजागऱ्या, सगळं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"एटले इतकी वर्षं मी सकाळी आंघोळ करून, उपाशी पोटी... बोंबलाला हात जोडतो?"

"देवाला जोडता, शेठ. बोंबील खाली असतो."

"आणि माझा कॉम्प्युटर? त्याचं नाव काय?"

मी छताकडे पाहिलं. "पापलेट."

ते खुर्चीत बसले. "आणि सर्व्हर?"

"देवमासा."

"त्यात देव तरी आहे, शेठ," परकारभाई मदतीला धावले.

उपाय अगदी सोपा होता. हसमुखभाईंनी बोंबलावर नवा पासवर्ड टाकायचा, झालं. मला तो ठाऊक नव्हता, ठाऊक असायलाही नको होता. पण हसमुखभाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "पूजेचा हात आहे. हे नाव आहे तोवर मी नाही शिवणार. आधी नाव बदला."

"शेठ, नाव बदललं की हा बंद होऊन पुन्हा चालू होईल. याचं अपडेट कितीतरी वर्षांचं तुंबलंय. आज बंद झाला तर संध्याकाळपर्यंत उठणार नाही, भजनही लागणार नाही."

ते त्यांना चालणार नव्हतं. "मग नुसती वायर काढून ठेवते," म्हणत मी हात पुढे केला, तर त्यांनी वायरच धरली. "भजन आणखी बंद ठेवू नका! आज भजनाशिवाय दिवस उगवला, बघा ने काय झालं ते!" मालकाच्या देव्हाऱ्यातली वायर मालकाच्या हातून ओढून घेणं माझ्या अधिकारात बसत नव्हतं. तशी पॉलिसीच नव्हती. खाली गेटवर ट्रकचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. परकारभाई घड्याळ बघायचे टाळत होते.

हिराबाई इतका वेळ दारात उभी होती. पिशवी खाली ठेवून ती पुढे आली. हसमुखभाईंशी ओरडून बोलेल असं मला वाटलं, पण तिने आवाज एवढा खाली आणला की आम्ही सगळे वाकून ऐकायला लागलो.

"शेट, आमचा देव दर्याच्या काठाला हाय. देवलाच्या म्होरंच वलांडी, बोंबील सुकवाची. देव त्याच्या सावलीलाच बसतंय बारा महिने. आमी त्याला कदी इचारला न्हाय, तुला वास येतंय काय. त्यानं बी कदी सांगला न्हाय." मग देव्हाऱ्याला हात जोडून म्हणाली, "ह्या देवाला बी आतापरीन काय तरास झालेला दिसत न्हाय. गातंय तर आहे ना ब्वा रोज."

हसमुखभाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. त्यांच्या गालाचा एक स्नायू हलायला लागला. मला वाटलं आता रडतात की काय, आणि ते एकदम फुटल्यासारखे हसले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो. "गातो, हां! बोंबील गातो!"

परकारभाईंनी काठीने पडद्याला मागून टेकू दिला. मी तोंड भिंतीकडे केलं. हसमुखभाईंनी देव्हाऱ्याला नमस्कार केला आणि एका बोटाने पासवर्ड टाकला. क्षणभर काही नाही. मग देव्हाऱ्यातून झांजा वाजल्या.

मी जिना उतरले की पडले ते आठवत नाही. खातं उघडलं आणि ओरडले. वरून हिराबाईचा आवाज आला, "वाचू नका शेट, दाबा!" त्यांनी दाबलं.

कंटेनर गेटवर आला तेव्हा हिराबाईने चाकापुढे नारळ फोडला. आणि तोवर कधी न झालेली गोष्ट झाली. हसमुखभाई खाली आले. थंड्या मालाच्या कंटेनरजवळ मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "बेन, आत काय आहे?"

"माकूळ."

"कसं दिसतं?"

हिराबाईने मोबाईलवर फोटो काढून दाखवला, जाळ्यातून नुकत्याच काढलेल्या माकळाचा, अंगावर जांभळे ठिपके चमकणारा. हसमुखभाईंनी रुमाल नाकापासून थोडा दूर केला आणि नीट बघितलं. "खाऊ नका असंच मी सांगणार," ते म्हणाले, "पण सुंदर आहे हो."

परकारभाई मोटारसायकलने ट्रकबरोबर बंदरापर्यंत गेले. तिथून त्यांचा फोन आला, "गेला आत! आमच्या मागच्याला परत पाठवला, आपला गेला!" हिराबाईने फोन माझ्या हातातून घेऊन त्यांना आशीर्वाद दिला, तो बहुधा त्यांना फोनशिवायही ऐकू गेला असेल. नंतर त्या खरेदीदाराने आणखी माल मागवला. पुढे त्यांचे कंटेनर नेमाने जाऊ लागले, आणि दर वेळी हिराबाई नारळ घेऊन यायची. मंजुरीचा दुसरा अधिकार परकारभाईंना मिळाला. तो मात्र मी त्याच आठवड्यात बसवून घेतला.

या कामाची एक खंत आहे. सगळं सुरळीत चाललं की कुणाला तुमची आठवण येत नाही, आणि बंद पडलं की तुमच्याशिवाय कुणी आठवत नाही. माझ्या हातून शेकडो अपडेट नीट पार पडली, त्यांचं कुणी नाव काढत नाही. यार्डातली माणसं अजून भेटली की विचारतात ती बोंबलाचीच गोष्ट.

हसमुखभाईंनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि सगळी नावं बदलायला लावली. शाकाहारी नावं हवीत म्हणाले. मी दोन दिवस बसून देवमाशाचं सुरण केलं, निवटीचं पडवळ, खेकड्याचं कारलं, शेठजींच्या पापलेटचा दुधी. मग विचारायला वर गेले, "शेठ, बोंबलाला काय नाव देऊ?"

देव्हाऱ्यात भजन चाललं होतं. हसमुखभाईंनी हिशेबावरून मान वर केली नाही.

"त्याला राहू दे," ते म्हणाले. "भगवानला सवय झाली आहे."